भिंतीच्या कोपऱ्यातली सही

आमच्याकडे डॉक्टरची बायको डॉक्टरीणबाई आणि मास्तरची मास्तरीण. तिला सुई टोचता येवो की न येवो! तशी मी लग्न होऊन देऊळघाटला आले त्या दिवसापासून पेंटरीण. तेव्हा मला ब्रश धड धरताही येत नव्हता.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मी त्याचे ब्रश धुता धुता अक्षर गिरवायला शिकले. पुढे त्याचा हात थरथरायला लागला आणि सगळं काम माझ्यावर आलं. सही मात्र त्याचीच. पेंटर लोकांची रीतच आहे ती. खाली कोपऱ्यात उस्तादाचं नाव आणि फोन नंबर, हाताखालच्यानं सही करायची नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मी रंगवायच्या, पाण्याच्या टाक्यांवर मी चढायचं आणि नाव त्याचं! डोकं तडकायचं माझं. पण तो आजारी, म्हणून गप्प बसायचे.

यंदा शाळेच्या बोलक्या भिंतींचं काम मिळालं. एका भिंतीवर इंग्रजीच्या सरांनी तक्ता काढायला सांगितला. टीच-टीचर, ड्राइव्ह-ड्रायव्हर, पेंट-पेंटर. शेवटचं 'अर' तेवढं लाल रंगात.

चहा पिताना मी विचारलं, "सर, हे शेपूट आलं कुठून?"

सर खुललेच. "लय जुनं हाये बाई. मूळचं रोमन लोकांचं, लॅटिनातलं. त्यांच्यापासून जर्मन टोळ्यांनी उचललं, अन् त्यांच्यासंगं ते इंग्लंडात गेलं. कामाच्या शब्दाले जोडलं का काम करणारा तयार."

"अन् करणारी?"

"तिलेही हेच."

चहा संपवून मी पुन्हा भिंतीपाशी गेले. त्या 'अर'वर लाल रंगाचा आणखी एक हात फिरवला.

काम संपलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "पेंटरीणबाई, आता खाली मालकाची सही टाका."

"मालक कुठं चढले होते शिडीवर?" माझा आवाजच चढला. बारीक ब्रश घेतला, माझं नाव लिहिलं आणि पुढे ठसठशीत 'पेंटर'. नंबर नवऱ्याच्याच फोनचा, कारण धंद्याचा तोच एक.

घरी येऊन त्याला सांगितलं. तो रीत पाळणारा माणूस.

"मले इचारलं काऊन नाही?" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानं बोलणंच टाकलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण सही पुसणार नव्हते, मग काहीही होवो.

असेच काही दिवस गेले. एका संध्याकाळी काम आटोपून रंगाचे डबे घेऊन दाराशी आले, तर आत तो फोनवर बोलत होता.

"हाव, पेंटरचंच घर हाये," तो म्हणाला. "पण पेंटर कामावर गेली. मी तिचा नवरा बोलून राह्यलो."