वहिनीला रोज पेअर का मिळाले

माझी थोरली मावशी कपडे शिवते आणि ओठ वाचते. तरुणपणी तिला मोठा ताप आला, तो जाताना दोन्ही कान घेऊन गेला. कानाचं मशीन तिनं लावून पाहिलं, पण "डब्यात खिळे घालून कुणीतरी हलवतंय" म्हणून ते काढून ठेवलं. तेव्हापासून ती माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं समजून घेते. समोरच्या गच्चीत दोघी बायका काय कुजबुजतायत, ते सुईत दोरा ओवता ओवता आपल्याला सांगते.

घरात तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ दादा, आणि वहिनी. दोघंही तिला जपणारी. पण नवरा-बायकोचं म्हणून काही बोलणं असतंच. ते मराठीत बोलावं, तर शिलाई मशीनवरून मावशी "हो, मलाही तसंच वाटतं" म्हणून मोकळी. त्यामुळे दोघं तिच्यादेखत इंग्रजीत बोलायला लागली. इंग्रजीच्या नावानं मावशीचा आनंदीआनंद.

"माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर, आणि मला कळू नये?" ती मला म्हणाली. "थांब, बघतेच एकेकाला."

मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका बायकांना इंग्रजी शिकवायच्या. मावशीनं तिथं नाव घातलं आणि सोबतीला मला ओढलं.

बाईंची पद्धत सोपी. अक्षरांचा एक गुच्छ फळ्यावर लिहायचा आणि त्याला पुढून-मागून अक्षरं जोडत जायचं. पहिला गुच्छ ई, ए, आर. इअर, म्हणजे कान.

"घ्या," मावशी म्हणाली, "जे माझ्याकडे नाही, तिथूनच सुरुवात."

एच लावला की हिअर, ऐकणं. एन लावला की निअर, जवळ. एफ लावला की फिअर, भीती. इथपर्यंत सगळ्या जणी खूश. मग डब्ल्यू लावला आणि झालं वेअर, अंगात घालणं. पुढे एच, मागे टी लावला, तर एकदम हार्ट! बायकांनी बंडच केलं. "अक्षरं तीच, मग दर वेळी तोंड वेगळं का?"

मावशी निवांत होती. तिला आवाजाशी कर्तव्यच नव्हतं. बाई तिला समोर बसवून एकेक शब्द तोंडानं करून दाखवत, आणि ती तो कपड्याच्या बेतासारखा डोळ्यांत साठवून ठेवी. एकच शब्द टिअर म्हटला तर अश्रू आणि टेअर म्हटला तर फाडणं, हे कळल्यावर बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "त्यात काय? गिऱ्हाइकाचं कापड फाटलं की रडू येतंच."

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी वहिनी ऑफिसातून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि दादाला इंग्रजीत काहीतरी वैतागून म्हणाली. मावशी मशीनवरून टक लावून बघत होती. वहिनीचे ओठ मिटले आणि उघडले. पेअर! बाईंनी पी लावून शिकवलेला शब्द. पेअर म्हणजे नासपती.

मावशीनं पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यावरून पेअर आणले आणि फोडी करून बशी वहिनीपुढे ठेवली. वहिनीनं भिडेखातर खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओठ, पुन्हा पेअर. तिसऱ्या दिवशीही तेच.

"कळलं का तुला?" मावशी मला कानात सांगावं तसं, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "घरी येते ती गळून. सारखं एकच फळ मागते. आणि माझ्यापासून लपवते. डोहाळे लागलेत तिला!"

मग काय! गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला पडले आणि मावशी झबली शिवायला बसली. जेवण झाल्यावरही तिचं मशीन चालूच. ती जितकी झबली शिवी, तितकी वहिनी जास्त कळवळून पेअर मागे, आणि मावशी जास्त पेअर आणी.

शेवटी वहिनीनंच हात जोडले. "आई, मला पेअर आवडतच नाहीत हो!"

मावशी चपापली. तिनं मला घेऊन तडक बाईंना गाठलं. "पेअरसारखा दिसणारा दुसरा शब्द आहे का?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "पी काढून बी लावा. बेअर. ओठांवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. बेअर म्हणजे अस्वल. बेअर म्हणजे सहन करणं. आणि बेअर म्हणजे मूल जन्माला घालणंसुद्धा."

मावशी वाटभर विचार करत आली. घरात अस्वल नव्हतं. सहन करण्यासारखं वहिनीला काही असेल, हे तर शक्यच नव्हतं, मावशीसारखी सासू असताना! राहिलं तिसरं. आणि त्या शब्दाआधी वहिनी रोज 'कान्ट' म्हणते, म्हणजे जमत नाही, हेही तिला आता ओळखू येत होतं. जमत नाही, मूल होत नाही!

घरी आल्या आल्या तिनं वहिनीला मिठीच मारली. "नसेल होत तर नसू दे गं! तू आहेस ना मला? लोकांच्या तोंडाला मी कुलूप लावीन."

वहिनीनं दादाकडे बघितलं, दादानं माझ्याकडे. मी झबल्यांचा ढीग दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. वहिनी हसता हसता रडायला लागली.

"आई, मूल नाही हो! मशीन! तुमच्या मशीनचा आवाज सहन होत नाही, असं म्हणत होते मी."

मावशीनं मशीनकडे पाहिलं. ते घेतलं होतं ताप येऊन गेल्यानंतर. त्याचा आवाज तिनं कधी ऐकलेलाच नव्हता. तळपायांना जाणवे तेवढ्यावरून ते मांजरासारखं गुरगुरत असावं, अशी तिची समजूत.

"कसा आवाज येतो?"

दादानं टेबलावर स्टीलचं ताट उलटं घातलं, तिचा तळवा शेजारी टेकवला आणि लाटण्यानं ताट बडवायला सुरुवात केली. मावशीनं हात झटकन काढून घेतला.

"रोज असं? मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," वहिनी म्हणाली.

"म्हणून पाटीभर पेअर खाल्लेस? वेडे!"

त्या संध्याकाळी तिनं मशीनवर कव्हर घातलं. सकाळी स्वतः जाऊन मेकॅनिकला घेऊन आली. त्यानं सैल झालेला पाय आवळला आणि खाली जाड रबर घातलं. आता वहिनी ऑफिसात असते तेव्हाच मशीन चालतं. झबली हातोहात विकली गेली. धुतल्यावर कापड कसं टिकलं ते बघून दोघी गिऱ्हाइकांनी आणखी शिवून मागितली.

दादा-वहिनी आता भांडतात ते मराठीत, आणि मावशीकडे तोंड करून. ती कधी कधी निकालही देते.

गेल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर ओ, यू, जी, एच असा नवा गुच्छ लिहिला. कफ म्हणजे खोकला, टफ म्हणजे चिवट, डो म्हणजे मळलेलं पीठ, थ्रू म्हणजे आरपार. बाकीच्या जणी पिशव्या उचलून घरी गेल्या. मावशी खुर्ची पुढे ओढून बसली आणि म्हणाली, "हं बाई, पुढचं अक्षर लावा."