लोजबान आणि माझी छाती

गेल्या उन्हाळ्यात मला हृदयविकाराचा जो झटका आला, तो मुळात मला आलाच नव्हता.

झालं असं, की मला लोजबान शिकायची हुक्की आली. ही भाषा कुणाची मातृभाषा नाही. काही हौशी मंडळींनी ती ठरवून बनवली आहे. मूळ शब्द सगळे पाच अक्षरांचे (रोमन अक्षरं, बरं का!) आणि प्रत्येकात चिनी, हिंदी, इंग्रजी, अरबी अशा भाषांचे तुकडे कालवलेले! मी इंग्रजीचा मास्तर. वाटलं, इंग्रजीच्या आधारानं भराभर पाठ होईल. 'बादना' म्हणजे केळं. बनाना! सोपं! पण 'कान्ला' म्हणजे चक्क डोळा निघाला आणि माझं इंग्रजी, मराठी दोन्ही गारद झालं.

त्यात चहाचा शब्द काही केल्या डोक्यात टिकेना. भर दुपारी वीज गेलेली. भवानी पेठेतल्या आमच्या घरात मी घामाघूम, डोळे मिटून, भिंतीला टेकून घोकत होतो, "चाती... चाती... चाती..."

वेळापूरची आत्या तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. (ती छातीला चातीच म्हणते, हे माझ्या ध्यानातच नाही!) ती ओरडली, "सुमे, पळ गं! सदाच्या चातीत दुकतंय!"

बायको पोळपाट सोडून धावली. "अहो, कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही! चाती म्हणजे चहा!"

बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"डोक्यात गेलं की गं!" आत्यानं गळाच काढला.

"आत्या, भाषा आहे ती! कान्ला म्हणजे डोळा, लाद्रू म्हणजे दूध..." मी जितकं समजावलं, तितका माझा आजार वाढला! शेजारच्या रफिकभाईंनी दाराशी रिक्षा आणली.

"सर, बात नक्को करो. लंबी सांस लेव!"

"अहो, पण मी ठीक..."

"बोला ना मैं, नक्को!" आणि त्यांनी मला सरळ उचललंच.

दवाखान्यात वायरी लावल्या. डॉक्टरांनी कागदाची पट्टी पाहिली. "हृदय ठणठणीत आहे. मग झालं काय?"

मी सगळं सांगितलं. आता हसतील म्हणून मान खाली घातली, तर त्यांनी खुर्चीच जवळ ओढली!

"म्हणजे त्या चातीत आपला चाय आहे?"

"आहे की!"

"कमाल आहे! अजून सांगा."

नर्सनं वायरी काढल्या, तरी मी सांगतच होतो. आत्याही डोळे पुसून ऐकू लागली. आयुष्यात एवढा मन लावून ऐकणारा वर्ग मला प्रथमच मिळाला होता! मी उशीला टेकून ऐटीत बसलो.

"बरं सर," डॉक्टरांनी विचारलं, "हृदयाला काय म्हणतात हो?"

मी तोंड उघडलं. आठवेना! छताकडे पाहिलं, कपाळ चोळलं. छे!

"मागाशी धडाधडा बोलत हुतास की रं," आत्या म्हणाली. "आता काय झालं?"

तेव्हा मात्र छातीत खरंच धस्स झालं. वायरी काढून झाल्या होत्या, म्हणून वाचलो!