मर्द करायचं इंजेक्शन

पिंपळवंडीच्या आमच्या घरात मी बारावीपर्यंत मुलगा होते. म्हणजे घरचे तसं धरून चालले होते. मी मुलगी आहे हे मला फार आधीपासून ठाऊक होतं, ते सांगायला शब्द नव्हते एवढंच. माझं चालणं, बोलताना हात हलवणं, कांदे निवडायला बायांच्या घोळक्यात जाऊन बसणं, यावरून गाव काय ते ओळखून होतं आणि वडिलांच्या कानावर ते रोज पडत होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. परीक्षा संपली तसे थोरले चुलते वडिलांना म्हणाले, "तालुक्याला एक डॉक्टर हाय. असली पोरं सरळ करतो. लई गुण हाय त्याच्या हाताला."

त्या हाताची मला अजून किळस येते.

दवाखाना एका बोळात होता. बाहेर बाकांवर पेशंट, आत टेबल, त्यामागं कळकट हिरवा पडदा. डॉक्टर पन्नाशीचा, गालात पानाचा तोबरा. वडिलांनी मान खाली घालून कसंबसं सांगितलं. डॉक्टरनं मला पडद्याआड नेलं आणि "काढ सगळं" म्हणाला. पडदा ओढून घेतलाच नाही. गार, ओलसर बोटांनी त्यानं मला बाजारात जनावर चाचपतात तसं चाचपलं. मग कंपाउंडरला हाक मारली.

"ये रे, बघ. सगळं जाग्यावर हाय का न्हाई?"

कंपाउंडर वाकून हसला. औषध कंपनीचा एक माणूस बॅग मांडीवर घेऊन बसला होता, तोही मान लांब करून बघत होता. डॉक्टर हसला तेव्हा पानाची थुंकी माझ्या मांडीवर उडाली. ती पुसायचाही मला धीर झाला नाही.

"पोरीकडं बघून काय व्हतं का?" बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"काळजी करू नका, पावणं," तो त्यांना म्हणाला. "मशीन झकास हाय, तेल कमी पडतंय. मर्द करायचं इंजेक्शन चालू करतो. वर्षभरात लगीन लावा."

रक्त तपासलं नाही, काही नाही. दर आठवड्याला वडील मला घेऊन जायचे. औषध दाट, तेलकट, पिवळसर. टोचायला कंपाउंडर. सुई आधीच्या पेशंटचीच, गरम पाण्यात बुचकळून काढलेली. दाबताना तो कानाशी म्हणायचा, "घे, मिशा घे." त्यानं ही गंमत चहाच्या टपरीवरही सांगितली असणार. परतताना एसटीत गावातली पोरं विचारायची, "काय राव, डोस चालू का?"

सगळ्यात घाण गोष्ट ही की औषध लागू पडलं. हनुवटीवर राठ केस आले, पाठभर पुटकुळ्या उठल्या. घामाला असा वास यायला लागला की मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. अंघोळीला गेले की मी डोळे मिटून पाणी ओतायची. वडिलांनी दाढीचं सामान आणून माझ्या हातात दिलं आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्याचा राग यायला हवा होता. मला त्यांचं वाईटच वाटलं.

मग कुल्ल्यावर गाठ आली. डॉक्टर म्हणाला, "औषध मुरतंय. शेका." घरी शेकलं. गाठ लाल झाली, ताप चढला, तरी पुढचं इंजेक्शन दुसऱ्या बाजूला दिलं. मला बसता येईना. कांद्याच्या चाळीच्या सावलीत गोधडीवर मी पालथी पडून असायची. एका दुपारी ती गाठ फुटली. पू गोधडीत उतरला आणि असा वास सुटला की माझी मलाच ओकारी आली. आई धावत आली. तिनं नाकाला पदर लावला नाही. जुन्या धोतराच्या चिंध्यांनी टिपत राहिली.

"कसली सुई देत्यात रं तुला?" तिनं विचारलं. तिला घरात 'अशक्तपणाची' म्हणून सांगितलं होतं.

मी सगळं सांगितलं. कंपाउंडर, बॅगवाला, मांडीवरची थुंकी.

"तुझ्या बापाच्या म्होरं?"

"हो."

त्या चिंध्या तिनं जाळल्या नाहीत, पिशवीत भरल्या. दुसऱ्या दिवशी मला मंचरला एका बाई डॉक्टरांकडं घेऊन गेली. आईचं माहेर मंचरजवळच, आंबेगाव तालुक्यात, त्यामुळं तिकडं तिची ओळख होती. बाईंनी जखम कापून साफ केली, आत पट्टी भरली. हात स्वच्छ, बोलणं मऊ.

"कसलं इंजेक्शन होतं?"

"पोराला पोरगा करायचं," आई म्हणाली.

बाईंनी हात धुतले. मग मी तिथं नाहीच अशा सुरात आईला म्हणाल्या, "याला डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवलं तर बरं होतं." मला वाटलं, इथं फक्त सुई स्वच्छ आहे.

परतताना आई वाट वाकडी करून मला तालुक्याला घेऊन गेली. दवाखाना भरलेला होता. कंपाउंडरला बाजूला सारून ती आत गेली आणि टेबलावर ती पिशवी उपडी केली.

"हे तुमचं औषध. वास घ्या."

डॉक्टर खुर्ची मागं ढकलत उठला. "ए बाई, आधी उचल ते!"

"का? माझ्या पोराच्या अंगातनं निघालंय. तुमीच भरलं व्हतं."

"अर्धा डोस राहिलाय अजून. आता थांबलीस तर पोरगं ना इकडचं ना तिकडचं."

"असू द्या. माझं हाय ते."

कंपाउंडर उचलायला पुढं झाला आणि वासानं मागं सरकला. बाकांवरच्या बाया दारात गोळा झाल्या होत्या. आई चिंध्या तशाच टाकून माझा दंड धरून बाहेर पडली.

वडिलांनी मला पुन्हा तिथं नेलं नाही. माझ्याशी बोलणंही सोडलं. दवाखाना मात्र पुढच्या बाजारालाही तसाच भरलेला होता, हे चुलत्यांनीच येऊन सांगितलं. निकाल लागल्यावर मी पुण्याला निघून गेले. माझ्यासारख्या बाया भेटल्या, त्यांच्यात राहिले, साडी नेसायला लागले.

पुढच्या वर्षी डिंगोरे गावची एक बाई आईकडं आली. तिलाही तसाच पोरगा होता. गुण आला का, विचारत होती. आईनं तिला गळवापासून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाली, "पर दाढी तर आली म्हनं." आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा बूथमध्येच माझा हात हनुवटीवर गेला. त्या पोराचं पुढं काय झालं, मला कधी कळलं नाही.

दोन हजार सालानंतर मी हे केस काढायला पुण्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरकडं गेले. त्यानं हनुवटी पाहिली नाही. पेनानं माझ्या साडीकडं, कमरेखाली दाखवत विचारलं, "तिथलं ऑपरेशन झालंय का?" मी उठून आले. आता चिमट्यानं मीच एकेक केस उपटते. आई पुण्याला आली की मला खिडकीशी बसवते, आणि हनुवटीखालचे जे मला दिसत नाहीत, ते ती उपटते.