अंगी लागलं किती

वाघमारे मॅडम सकाळी आल्या की आधी कोंबड्यांच्या विष्ठेचं वजन करायच्या आणि मग आम्हाला गुड मॉर्निंग म्हणायच्या. चहा त्यानंतर. अख्ख्या चाकणमध्ये लोक गाड्यांचे सुटे भाग मोजतात, आणि रहाटणीचा मी, चांगला रसायनशास्त्रात बीएस्सी झालेला, हे मोजायला लागलो. घरी आई विचारायची, "काम काय असतं रे तुझं?" मी म्हणायचो, लॅबमध्ये आहे. पुढचं सांगायची सोय नव्हती.

आमचा कारखाना कोंबड्यांचं खाद्य बनवायचा आणि मॅडम तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. दिघीला राहायच्या. वडील पिंपरीच्या कंपनीत कामगार होते, त्यामुळे शिफ्टच्या भोंग्यावरच आपण वाढलो असं त्या म्हणायच्या. आवाज कधी चढायचा नाही, पण समोरच्याचं डोकं गरगरायला लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला काम समजावलं. खाद्याचा चिमूटभर नमुना एका बंद पोलादी भांड्यात जाळायचा, भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं. ती झाली खाद्यातली ऊर्जा. मग तेच खाद्य खाल्लेल्या कोंबडीची विष्ठा वाळवून तशीच जाळायची आणि ती ऊर्जा वजा करायची. म्हटलं, सोपं आहे की! उरली ती कोंबडीची.

"उरली ती सगळी कोंबडीची कशी?" मॅडम म्हणाल्या. "उपाशी कोंबडाही विष्ठा टाकतोच ना? ती खाद्याची नव्हे, त्याच्या शरीराची. तिचा हिशेब वेगळा. आणि खाल्लेलं पचवताना अंग तापतं, ती ऊब हवेत जाते. ती मोजायची तर कोंबडी बंद पेटीत ठेवून तिचा श्वास मोजावा लागतो."

"मग मॅडम, खरा आकडा कोणता?"

"तुझा प्रश्न कोणता आहे, त्यावर आहे."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका दाण्याचे तीन आकडे, आणि तिन्ही बरोबर! मी वहिनीसमोर एकदा कुरकुरलो, तर ती म्हणाली, "त्यात काय कळायचं? तुम्हीही घरात चार पोळ्या जास्तच खाता, दिसतं का कुठं?" मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचंही म्हणणं तेच होतं. "घातलं किती हे कुणीही सांगेल. अंगी लागलं किती, ते विचार."

त्या निवृत्त व्हायच्या होत्या त्या वर्षी शेठनी स्वस्त धान्य घालून नवं खाद्य काढलं. त्यात ऊर्जा किती, ते मॅडमनी मोजायचं आणि तोच आकडा पिशवीवर छापायचा. खेड-मावळातले कोंबडीपालक त्या आकड्यावर भरवसा ठेवून पिल्लं वाढवणार. आकडा फुगलेला निघाला तर पिल्लं पोटभर खाऊनही खुरटी राहणार. मॅडमचा हा शेवटचा प्रयोग होता.

आकडा आला तो झकास. शेठ खूश, आणि मॅडमचा चेहरा पडलेला! माझं डोकंच चालेना. त्यांनी नमुने पुन्हा जाळले, काटा तपासला, जाळायचं भांडं तपासलं. सगळं ठीक. "विष्ठा कमी भरतेय रे," एवढंच पुटपुटायच्या. मी मनात म्हटलं, बाई, कमी भरली तर भरू दे की. जाताना एवढं यश मिळतंय, तर घ्या पदरात.

निरोप समारंभाच्या सकाळी चहा पिताना उलगडा झाला. पिंजऱ्यांची देखभाल करणारे नाना मूळचे चाकणचेच, आणि मिक्सर विभागातून नुकतेच आमच्याकडे आलेले. ते कौतुकानं सांगत होते, "खंडेनवमीला आमी काय नुसती मशीनच पुजतो व्हय? पिंजरं बी पहाटं घासून काढलं. मंग झेंडूचं हार."

प्रयोग तेव्हा चालूच होता, त्यामुळे हार आम्ही पाहिले होते. कोंबड्यांनी झेंडू टोचले म्हणून मॅडमनी ते लगेच उतरवायलाही लावले होते.

"नाना, खालचे ट्रे पण धुतलेत?" मॅडमनी हळूच विचारलं.

"ते तर पयले. लई घाण हुती."

रात्रभराची विष्ठा गटारात गेली होती. त्या दुपारी आम्ही गोळा केली ती फक्त सकाळची. म्हणजे जे कोंबड्यांनी टाकलं, ते आम्ही त्यांच्या अंगी लागलं असं धरलं होतं. मॅडमनी कप विसळला आणि त्या उठल्या.

समारंभात शेठनी शाल घातली, नारळ दिला आणि तो आकडा सगळ्यांना ऐकवला. टाळ्या झाल्या. मग मॅडमनी माईक घेतला. "हा आकडा छापू नका. प्रयोग बिघडलाय."

"कुणी बिघडवला?" शेठ म्हणाले. मागं नाना समोशाची बशी धरून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"प्रयोग माझा होता. मीच बिघडवला."

"बरं, मग खरा आकडा किती ते तरी सांगा."

"मला माहीत नाही."

इतक्या वर्षांत मॅडमचं हे एकच उत्तर मला पहिल्या फटक्यात कळलं. शेठ छपाई थांबवा म्हणाले आणि खायला न थांबताच निघून गेले. लोक समोसे खाऊ लागले. नक्की काय झालं हे कुणालाच कळलेलं नव्हतं.

मी मॅडमना गेटपर्यंत सोडायला गेलो. राहवेना म्हणून विचारलं, "मॅडम, अंदाज तर असेल ना तुम्हाला?"

"आहे ना. म्हणून तर सांगत नाही. सांगितला तर तू तोच शोधत बसशील."

त्यांची रिक्षा दिघीकडे वळली. मला गलबलून आलं आणि पुन्हा गोंधळल्यासारखंही झालं. अंदाज आधी कळला तर मोजणं कसं बिघडतं, हे त्यांना विचारून घ्यायला हवं होतं. उद्यापासून तोच प्रयोग पुन्हा करायचा होता, आणि ट्रे मला मांडायचे होते.