जेवण कोण करायलंय?

"जेवण कोण करायलंय?"

कुठल्याही कार्यक्रमाला गेल्या की मॅडमचा हा पहिला प्रश्न. लग्न असो, बारसं असो, तालुक्याची मीटिंग असो, पदर कमरेला खोचून त्या सरळ मागच्या बाजूला, जिथून फोडणीचा वास येतोय तिकडे निघायच्या. तिथल्या बाईला नाव विचारायच्या, गाव विचारायच्या आणि मगच पुढे येऊन खुर्चीत बसायच्या. यजमानाला वाटायचं, बाईंना भूक लागलीय.

भूक कसली! ही बाई कधी वेळेवर जेवलीच नाही. साखरेचा आजार होता. गोळी बरोबर घ्यायच्या आणि त्यावर खायचं तेवढं विसरायच्या. मी पर्समध्ये बिस्किटं कोंबून द्यायचे, ती अंगणवाडीतल्या पोरांच्या पोटात जायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याची काळजी करता करता त्याचा रागच जास्त येतो.

मी अंगणवाड्यांची सुपरवायझर. मॅडम बीदरला अंगणवाडीच्या शिक्षिकांना प्रशिक्षण द्यायच्या. पाहणीला आम्ही एकाच जीपमधून जायचो, आणि दर वेळी मी उशिरा घरी पोचायचे. मी पोरांची वजनं, भिंतीवरची चित्रं, खेळण्यांची पेटी असं भराभर बघून मोकळी व्हायचे. मॅडम मात्र भिंतीला टेकून खाली बसलेल्या.

"मॅडम, अजून खटकचिंचोळी राहिलीय. उठा."

"पोरं जेवू द्या की."

पोरं जेवायला बसली की त्या नुसतं बघत राहायच्या. कोण कुणाशेजारी बसलं, कुणाला आईनं घरून डबा दिला, डबा घेऊन कोण कोपऱ्यात सरकलं. मी एकदा चिडून म्हटलं, "आपण शिक्षण बघायला आलोय, पंगत नव्हे."

"सुपरवायझर बाई," त्या म्हणाल्या, "अक्षर काय, उद्याबी येतंय. कुणाच्या हातचं खायचं न्हाई, ते मात्र तिसऱ्या वर्षीच येतंय."

त्या खटकचिंचोळीकडच्याच, बौद्ध घरातल्या. पण स्वतःच्या लहानपणाचं काही सांगत बसल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "माझं राहू द्या. ती पोरगी कोपऱ्यात कामून बसलीय ते बगा."

ज्या गावामुळे पुढचं सगळं घडलं ते औरादकडचं. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला अजून जावं लागतं. तिथल्या अंगणवाडीत मदतनीस बाई पोरांचा स्वयंपाक करायची. ती बौद्ध गल्लीतली, म्हणून वरच्या गल्लीतली पोरं डबा घेऊन यायची. शेवटी गावच्या समितीनं मागणी केली की बाईनं झाडलोट करावी, स्वयंपाक दुसरीनं. समितीच्या अध्यक्ष एक अक्का होत्या, मोठ्या शेतीच्या मालकीण, आवाजही तसाच. आमचे साहेब म्हणाले, "परिषद होऊ द्या, मग समिती म्हणते तसं करून टाकू."

परिषद बीदरला होती. विषय, बालशिक्षणातील समता आणि सुधारणा. बेंगळुरूचे तज्ज्ञ इंग्रजीत बोलणार, त्याचं कन्नड होणार, आणि आमच्या औरादच्या बायका एकमेकींना मराठीत विचारणार, "काय म्हनायलेत ओ?" चांगल्या गावसमित्यांचा सत्कारही होता. त्यात साहेबांनी नेमकी हीच समिती घातलेली. जेवणाची जबाबदारी माझ्या गळ्यात.

मी आचारी ठरवला होता. आदल्या दिवशी कळलं, मॅडमनी त्याला परस्पर नको सांगितलंय.

"ती करंल," त्या म्हणाल्या. ती म्हणजे तीच मदतनीस. "संगं अजून चौघी घेईल. भगरबी करायला सांगितलंय."

"भगर? उद्या बुधवार आहे, मॅडम."

"असू द्या. लागंल कुणाला तरी."

मी कपाळावर हात मारून घेतला. निदान गुपचूप वाढून मोकळं व्हावं, तर तेही नाही. जेवणाच्या सुट्टीआधी मॅडमनी माईक घेतला आणि बाईचं नाव, गाव, गल्ली, सगळं सांगितलं. "आजचं जेवण हिनं केलंय. फसवून खाऊ घालणार न्हाई. या जेवायला."

सकाळपासून समतेवर टाळ्या वाजवणारा हॉल एकमेकांची तोंडं बघायला लागला. मग हळूहळू खुर्च्या सरकल्या, लोक बाहेर मांडवात ताटांकडे निघाले. समितीही मांडवात आली, पण ताटांना हात लावला नाही.

"माजा उपास हाय," अक्का म्हणाल्या.

"आमचाबी हाय," बाकीच्या म्हणाल्या. बुधवारी असा सगळ्या गावाचा उपास कुठल्या देवाचा, ते मला अजून कळलेलं नाही.

"मग बरंच झालं," मॅडम म्हणाल्या. "भगर हाय, दाण्याची आमटी हाय. तीबी हिनंच केलीय."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. अक्कांचा चेहरा लाल झाला. "निरंकार हाय माजा. पानीबी चालत न्हाई." तासाभरापूर्वी मी स्वतः त्यांच्या हातात चहा दिला होता.

"मग मीबी निरंकार," म्हणत मॅडम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मॅडम, गोळी घेतलीय ना तुम्ही?"

"घेतलीय की."

"मग?"

"मग काय? उपास हाय."

लोक जेवले, हात धुतले, दुपारचं सत्र सुरू झालं. आत सुधारणेच्या वाटांवर भाषण, आणि बाहेर मांडवात या दोघी समोरासमोर, एकमेकींचं तोंड बघत. मी तीनदा विनवलं, दोनदा ओरडले. चौथ्यांदा गेले तेव्हा मॅडमना दरदरून घाम फुटला होता. हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. मी साखरेचं पाणी तोंडाला लावलं तर त्यांनी तोंड फिरवलं.

मदतनीस बाई भगरीची वाटी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी. "खावा की ओ मॅडम. मला स्वयंपाक नको. मी झाडलोट करते की. पन खावा."

तेवढी एक पळी तिच्या हातात राहावी म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तीच ती सोडायला निघाली होती. मॅडमनी नुसती मान हलवली. नाही.

"कसली येडी बाई हाय ओ ही!" अक्का उठल्या. "मरायलीय हितं!" त्यांनी मदतनीस बाईच्या हातातली वाटी हिसकावून घेतली, आमटी कालवली आणि घास मॅडमच्या तोंडाशी नेला.

मॅडमनी दात घट्ट मिटले. "आधी तुमी."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, समितीच्या बायकांकडे पाहिलं, त्या मदतनीस बाईकडे पाहिलं. आणि तो घास स्वतःच्या तोंडात टाकला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढचा मॅडमना भरवला.

मला इतका राग आला होता की मी आत जाऊन विनाकारण माईकवाल्याला झापलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "याला शिक्षण म्हणत नाहीत, मॅडम. दमदाटी म्हणतात."

"व्हय, दमदाटीच," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "समजावून सांगून बगितलंच की इतकी वर्षं."

सगळं गाव काही सुधारलं नाही. वरच्या गल्लीतली काही पोरं व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटला जायला लागली. पण समितीची मागणी पुन्हा आली नाही आणि पळी बाईच्याच हातात राहिली. अक्कांचा नातू तिथेच जेवतो. मीठ कमी असल्याचा निरोप अक्का अजून पाठवतात.

मॅडम मागच्या हिवाळ्यात गेल्या. घरी एकट्याच होत्या. शेजारीण सांगत होती, गोळी घेतलेली होती आणि भाकरी तशीच झाकून ठेवलेली होती. मी त्यांच्या फोटोसमोर फूल ठेवलं तेव्हाही मनातल्या मनात त्यांना रागावतच होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जेवणाची चौकशी केलीत, स्वतःची एक भाकरी वेळेवर खाता आली नाही?

यंदाही परिषद झाली. आचारी बाहेरचा होता. मदतनीस बाई या खेपेला पाहुणी म्हणून आली होती, माझ्याच शेजारी बसली होती. ताट वाढून घेतलं आणि माझे पाय आपोआप मागच्या बाजूला वळले.

"जेवण कोण करायलंय?" मी विचारलं.

कढईपाशी उभ्या माणसानं घाबरून वर पाहिलं. "कामून मॅडम? काय चुकलं का?"

"काही नाही," मी म्हटलं. त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. पुढे काय करायचं ते मॅडमना माहीत होतं, मला नव्हतं. मी परत येऊन बसले.

"इचारलात व्हय, ताई?" बाई म्हणाली.

मी ताट नुसतं पुढ्यात घेऊन बसले. बाईनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"खावा आता," ती म्हणाली. "तुमी तरी येळंवर खावा."