मक्यात किराळ नसतं

तमाम लहानथोरांस, विशेषतः म्हशी बाळगणाऱ्यांस, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की मक्याच्या हिरव्या चाऱ्यात विष नसते.

ही घोषणा मी सोनगीरजवळच्या एका गावात, गोठ्यासमोर उभा राहून, उजवा हात वर करून केली होती. श्रोता एकच होता. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि विचारलं, “पन साहेब, काही व्हनार नही ना?”

हे आबा. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा हाच प्रश्न असे. विहिरीला नवा दोर लावला, काही व्हनार नही ना? जावयाने फटफटी घेतली, काही व्हनार नही ना? माझ्या पायातले नवे बूट पाहूनही त्यांनी तेच विचारलं, आणि मला दिवसभर बूट चावल्यासारखे वाटत राहिले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसलं की आपण घराला कुलूप लावलं होतं का, हे आठवेनासं होतं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. शेतकी खात्यात मी नवा होतो आणि नोकरी कच्ची होती. वरून हुकूम आला की दुभत्या जनावरांसाठी भरघोस चारा देणारा मका लोकांना लावायला शिकवा. दाट पेरायचा, खत-पाणी द्यायचं आणि कणसाला केस फुटले की दाण्याची वाट न पाहता कापायचा. गावात ज्याला त्याला सांगून पाहिलं. उत्तर ठरलेलं: “आधी आबाले विचारा.”

त्याला कारण होतं. त्या भागात चाऱ्याची मोठी भीती म्हणजे किराळ. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत हे विष उतरतं आणि उभं जनावर बघता बघता आडवं होतं. तरुणपणी आबांची बैलजोडी अशीच एका सकाळी गेली होती. तेव्हापासून चारा हातात घेतल्याशिवाय ते जनावरापुढे टाकत नसत. पुढे गावालाही तीच सवय लागली. शंका आली की माणसं पेंढी घेऊन आबांच्या ओट्यावर येत. आबा पानांवरून बोटं फिरवत, एखादं चघळत, आणि मग “दे” किंवा “नको” एवढंच म्हणत. त्या एका शब्दावर गावातली ढोरं जगत होती.

“मक्यात किराळ नसतंच, आबा. लिहून देऊ?” मी म्हणालो.

“लिखी द्या.”

मी वहीचा कागद फाडून लिहून दिलं, खाली सही ठोकली. तो कागद आजही शंभर टक्के खरा आहे. माझा गाढवपणा त्या कागदाच्या बाहेर घडला.

आबांनी दादर काढलेल्या अर्ध्या एकरात मका पेरला. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. मका डोक्याच्या वर गेला, तुरे आले, लोक बांधावर येऊन बघू लागले. पण उन्हाळ्यात विहीर खाली गेली, पाण्याच्या दोन पाळ्या हुकल्या, आणि बांधाच्या कडेला जमिनीत सांडलेल्या दाण्यांतून दादर उगवून आली. मक्याच्या सावलीत ती गुडघाभरच खुंटली, सुकल्यासारखी. माझ्या लेखी ते सगळं हिरवंच होतं.

कापणीच्या दिवशी आमचे वरचे साहेब जीपमधून येणार होते, कॅमेरा घेऊन. आबांची म्हैस नवा चारा खाते आहे, असा फोटो त्यांना हवा होता. घरात ती एकच म्हैस. आबा पहाटेपासून पेंढ्या सोडून बसले होते. एकेक पान बोटांतून जात होतं. मक्याचं पान खरखरीत लागतं, दादरचं गुळगुळीत. गुळगुळीत ते बाजूला.

“आबा, साहेब येतील आता.”

“येऊ द्या. बांधाकडना ढीग बाकी शे.”

जीपचा धुरळा दिसला. साहेब उतरले, कॅमेरा गळ्यात. आबा हात धुवायला गेले होते आणि त्यांच्या पत्नी, अक्का, आत चहा करत होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. साहेबांचं घड्याळ पाहणं म्हणजे कच्च्या नोकरीवर कोसळणारी वीज. ते पाठमोरे होऊन कॅमेरा सारखा करू लागले तेवढ्यात मी हाताला लागली ती पेंढी उचलली आणि म्हशीपुढे टाकली. ती बांधाकडच्या ढिगातली होती. फोटो फार छान आला म्हणतात.

पाव तासात म्हैस थरथरू लागली. तोंडाला फेस आला, मागचे पाय दुमडले आणि ती बसकण मारून एका कुशीवर कलली.

आता गंमत ऐका. जन्मभर काळजी करणारा तो माणूस त्या घटकेला एकदम थंड झाला. साहेब “अरे अरे” करत होते, आणि आबा अक्कांना सांगत होते, “गूळ लई ये. पळू नको, पडशी.” मला म्हणाले, “जीपमा जा, ढोरना डाक्टरले लई या.” मी सोनगीरहून डॉक्टरला घेऊन परतलो तोवर आबांनी म्हशीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि बांबूच्या नळकांड्यातून गूळपाणी थेंबाथेंबाने तिच्या घशात उतरत होतं. डॉक्टरने शिरेत सुई दिली. मग आम्ही सगळे नुसते तिच्या पोटाकडे बघत राहिलो. वर गेलं की श्वास घ्यायचा, खाली आलं की सोडायचा.

उन्हं कलताना ती उठली.

साहेबांना तेव्हा प्रश्न सुचला. “ही पेंढी टाकली कुणी?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवायला लागतो तेवढाच. मग म्हणाले, “मना हातनी चूक व्हयनी, साहेब.”

मी काही बोललो नाही.

गाव मात्र बोललं. आबांचे ‘दादरआबा’ झाले. पुढच्या वर्षी मका गावभर लागला, पण ओट्यावर पेंढी घेऊन कोणी येईना. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावरच्या भाऱ्याकडे बघत बसत. मी भेटलो की चहा पाजत. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही काढू दिला नाही. पुढे माझी पहूरकडे बदली झाली. नोकरी पक्की झाली.

आबा गेल्याचं मला आठवड्याने कळलं. दहाव्याला पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. म्हातारी मंडळी त्यांच्या आठवणी काढून हळूहळू हसत होती, अशा वेळी हसतात तशी. एक नाना म्हणाले, “बठ्ठा गावनी काळजी करे, आन सोतानी म्हैसलेच दादर चारी दिन्ही.” सगळे मान डोलावून हसले. दाराशी बसलेल्या अक्काही पदराआड कसंनुसं हसल्या.

मी तिथे फक्त भेटायला गेलो होतो. काही बोलायचं ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने:

“पेंढी मी टाकली होती.”