पिवळी रेघ

चाकणजवळच्या कुरुळी गावातल्या पिवळे अण्णांच्या खिशात मी कधी पेन पाहिला नाही. तिथे एक जाड पिवळा मार्कर असायचा, आणि तो लिहिण्यासाठी नव्हता. बोल्ट कसून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढायची, हे काम त्यांनी कंपनीत तीस वर्षं केलं आणि निवृत्तीनंतर घरी चालू ठेवलं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कुकरचं हँडल, गॅलरीतला पाळणा, मारुतीच्या देवळातली घंटा, सगळीकडे पिवळी रेघ. आडनाव त्यांचं वेगळंच होतं, पण गावात ते कुणाला विचारलं तर माणूस आधी डोकं खाजवायचा.

रेघेमागचा हिशेब सोपा आहे. रेघ सलग दिसली तर बोल्ट जागेवर आहे. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे होतात आणि ते एकमेकांना चुकतात. गाड्यांच्या कारखान्यांत ही रीत सगळीकडे आहे. अण्णांच्या लेखी मात्र ती सही होती. "रेघ मारली म्हंजे मी कसला," ते सांगायचे. "उद्या काय झालं तर माझ्या दारात यायचं. कसल्याबिगर रेघ मारनाऱ्याला, पोटचा पोर असला तरी, मी मानूस म्हननार न्हाई." त्यांचा थोरला मुलगा नाशिकला बँकेत होता, त्याने उभ्या आयुष्यात बोल्टला हात लावला नव्हता, तरी हे वाक्य तो समोर असताना हटकून यायचं.

आमची ओळख झाली ती माझ्या गाडीमुळे. गाडी माझी, हे आधीच सांगून टाकते, कारण गॅरेजवाल्यापासून टोलनाक्यापर्यंत सगळे माझ्या नवऱ्याशी बोलायला जातात. लहान अंगाची, लाल, आणि त्या अंगाला न शोभणारं मोठं इंजिन असलेली ही गाडी नवी असताना घ्यायची माझी ऐपत नव्हती. माझ्याकडे आली तेव्हा ती आठ वर्षांची होती, मी तिसरी मालकीण होते, बोनेटचा लाल रंग विटून गुलाबी झाला होता आणि कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती अशी निघायची की मला शाळा सुटल्यासारखं वाटायचं. नवरा म्हणाला, "पांढरा हत्ती ऐकला होता, गुलाबी पहिल्यांदाच बघतोय."

हत्ती पोसायचा तर बरीच कामं स्वतः करावी लागणार, म्हणून एका रविवारी मी मोबाइल समोर ठेवून बिल्डिंगखाली ब्रेकचे पॅड बदलत होते. समोरच्या घरातून पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ रस्ता ओलांडून आले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "किती टॉर्कला कसायचं हाय?" मी ताठ मानेने आकडा सांगितला, आणि माझी नोकरीही. चाकणच्या एका कंपनीत मी डिझाइनला आहे. संगणकावर बोल्ट काढायचे आणि ते किती जोराने कसायचे त्याचा आकडा शेजारी लिहायचा, हीच माझी नोकरी. त्यांनी माझ्या हातातल्या साध्या पान्याकडे बोट दाखवलं. "आन् ह्याला कसं कळनार आकडा?"

ते घरी गेले आणि काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला टॉर्क पाना घेऊन आले. या पान्यावर आकडा लावता येतो. तेवढा जोर पोचला की पाना हातात 'कट्' करतो, आणि तिथे थांबायचं असतं. अण्णांनी एकेक बोल्ट कसला, एकेक कट् ऐकला, एकेक रेघ मारली. जाताना म्हणाले, "ताई, तू कागदावर आवळतीस. कागदावरचा बोल्ट कदी सुटत न्हाई." मला राग आला होता. आठवडाभर होता. पुढच्या रविवारी मीच चहा घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले.

त्यानंतर चार वर्षं रविवार सकाळ ही अण्णांची आणि गुलाबी हत्तीची. पहिल्याच वर्षी आम्ही दोघांनी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. अण्णा गाडीखाली, मी बाजूला फोनची बॅटरी धरून, आणि काकू दारातून "आता या वयात रस्त्यावर लोळा" असं ऐकवत. काम झालं की पाना लुगड्यात जायच्या आधी अण्णा त्याचा आकडा फिरवून शून्यावर आणायचे. मी एकदा घाईत तसाच गुंडाळला तर त्यांनी तो पुन्हा सोडवला. आत स्प्रिंग असते, ती ताणलेली ठेवली तर पाना हळूहळू खोटं बोलायला लागतो. "शिफ्ट सुटली की त्यालाबी घरी जाऊ द्यावं," ते म्हणाले. माझा नवरा सलग तिसरा ओव्हरटाइम करून दारात बूट सोडत होता, त्याच्याकडे बघून पुढे म्हणाले, "ह्यालाबी शून्यावर आना जरा." नवऱ्याचं आणि अण्णांचं त्या दिवसापासून जमलं.

कमी पैशात जुनी जोरकस गाडी कशी ठेवायची, याचं अण्णांचं शास्त्र एका वाक्याचं होतं: जे गाडीला थांबवतं त्यात हात आखडायचा नाही, जे मिरवतं त्यात खुशाल आखडावा. हेडलाइटची काच, दाराची मूठ, सीटचं कव्हर हे सगळं भंगार बाजारातून यायचं, आणि तिथे घासाघीस करताना अण्णांना इतकी मजा यायची की दुकानदारही उठून चहा सांगायचा. पण टायर, ब्रेक, स्टिअरिंगचं काही असलं की नवंच, आणि पैसे साठेपर्यंत गाडी उभी. मला एकदा मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा मोह झाला होता. अण्णा म्हणाले, "आवाजानं गाडी पळत न्हाई ताई, मानसं पळत्यात." मोह तिथेच संपला, आणि त्या पैशांत पुढचे दोन टायर आले.

आता त्या सोमवारचं सांगते. आदल्या शनिवारी आम्ही चाकं पुढची मागे आणि मागची पुढे केली होती. बोल्ट अण्णांनीच कसले. रविवारी मी मुलीला घेऊन माहेरी नारायणगावला जाऊन आले, आणि परतताना रस्ता मोकळा होता म्हणून पाय चांगलाच दाबला. सोमवारी कंपनीत जाताना डाव्या पुढच्या चाकातून ठक् ठक् ऐकू यायला लागलं. गाडी बाजूला घेतली, खाली वाकले. पाच बोल्टांपैकी तीन रेघा मोडलेल्या. बोटांनी धरून फिरवला तर बोल्ट फिरला.

मी तिथेच कडेच्या दगडावर बसले. आदल्या दिवशी मागच्या सीटवर झोपलेली सात वर्षांची मुलगी डोळ्यांसमोरून हलेना. मला अण्णांचा राग आला नाही, हे मी शपथेवर सांगते. मला भीती वाटली आणि मग वाईट वाटलं. काकू दोन-तीनदा म्हणाल्या होत्या की ह्यांना हल्ली दाराची कडी वाजलेली कळत नाही. आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. हे अण्णांना सांगायचं म्हणजे त्यांच्या खिशातला मार्कर काढून घेण्यासारखं होतं, आणि तो काढला तर त्या माणसाचं काय उरेल, हे मला कळत नव्हतं.

म्हणून मी शहाणपणा केला. गाडीतल्या पान्याने बोल्ट आवळून सावकाश कंपनीत पोचले, आमच्या वर्कशॉपमधून टॉर्क पाना मागून आणला आणि पार्किंगमध्ये पाचही बोल्ट नीट कसले. संध्याकाळी चाकणच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून पिवळा मार्कर घेतला. मोडलेल्या तीन रेघा पेट्रोलच्या चिंधीने पुसल्या आणि तीन नव्या ओढल्या. अगदी सरळ. ड्रॉइंगची सवय असलेला हात तो.

रविवारी अण्णा नेहमीसारखे गाडीभोवती फिरले. डाव्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ह्या तीन माझ्या न्हाईत."

"तुमच्याच आहेत की अण्णा."

"मार्कर जिथं टेकतो तिथं ठिपका ऱ्हातो. मी बोल्टावर टेकवून भाईर वढतो. ह्या भाईरनं आत आल्यात." त्यांनी वर पाहिलं. "कुनी मारल्या?"

मग सगळं सांगावं लागलं. अण्णा ओट्यावर जाऊन बसले. तिथून विचारलं, "पोरगी व्हती गाडीत?"

"होती."

त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "हल्ली कट् ऐकू येत न्हाई मला. प्रेसशॉपच्या शेजारी उभा ऱ्हायलो तीस वरसं, कान तिथंच गेले. हाताला कळतंय म्हनून चालवत हुतो. त्या दिशी हातानंबी फशिवलं, न झालेला कट् झाला वाटला, आन् मी रेघ मारली." मग म्हणाले, "ही माझी चूक. ती मला त्याच दिशी सांगायची सोडून तू माझी सही केलीस. तुला माझी दया आली, खरं हाय. पन बोल्टाला दया कळत न्हाई, ताई."

ते आवाज न चढवता बोलले, म्हणून जास्त लागलं. खिशातला मार्कर काढून त्यांनी पान्याच्या लुगड्यात ठेवला आणि आत गेले. मी घरी येऊन रडले. नवऱ्याने चहा ठेवला.

दोन रविवार अण्णा आले नाहीत. समोरच्या ओट्यावर पेपर दिसायचा, पेपरामागचे अण्णा दिसायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः हाक मारली. त्यांच्या हातात पाना होता आणि एक नवा, पांढरा मार्कर.

"हा तुझा. आता तू कसायचं, मी बगनार. कट् तुज्या कानाला. पिवळ्याला पुन्यांदा हात लावायचा न्हाई."

त्या दिवशी त्यांनी वर्षभरात स्वतः कसलेला प्रत्येक बोल्ट माझ्याकडून सोडवून पुन्हा कसवून घेतला. मी कट् ऐकला की मोठ्याने "झाला" म्हणायचं, मग पिवळी पुसून पांढरी रेघ ओढायची. एकेक पिवळी रेघ जाताना ते शेजारी उभे राहून बघत होते. बाकी एकही बोल्ट ढिला निघाला नाही, मी तसं म्हटलं तर म्हणाले, "तीन पुरं झालं." मागच्या शॉकअपच्या बोल्टांपाशी आलो तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला. "हे चार वरसांपूर्वीचं. तवा कान शाबूत व्हते. ऱ्हाऊ दे."

त्यानंतर अण्णांनी कुणाचाही बोल्ट कसला नाही. शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या चुका काढायचे, ज्या भरपूर होत्या. मी आता डिझाइनमध्ये आकडा लिहिला की एकदा खाली लाइनवर जाऊन कसणाऱ्या माणसाचा हात तिथे पोचतो का ते बघते. आमच्या साहेबांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांना अण्णा भेटले नाहीत, एवढाच फरक आहे. मला भेटले, त्याबद्दल मी त्या खटारा गाडीची जन्मभर ऋणी राहीन.

गेल्या थंडीत अण्णा गेले. आजार थोडाच होता, झोपेतच गेले. तेराव्यानंतर काकूंनी लुगड्यात गुंडाळलेला पाना मला दिला. "तुझ्याच नावानं ठेवलाय म्हनले व्हते." घरी येऊन उघडला. आकडा शून्यावर होता.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली, म्हणजे पुन्हा पासिंग. मागच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळत होतं, तो बदलल्याशिवाय गाडी पास होण्यासारखी नव्हती. लिफ्ट हवी होती म्हणून काळेवाडीतल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींना अण्णांची सगळी गोष्ट माहीत होती. मीच दहा वेळा सांगितली होती. गाडी वर गेली. बोल्टावर धुळीचा थर होता. मी चिंधीने पुसला आणि खालून पिवळी रेघ निघाली, बोल्टावरून बाहेर ओढलेली, एका टोकाला ठिपका असलेली. केसभरही हललेली नव्हती.

मिस्त्री पाना घेऊन थांबले. "ताई, मी सोडू का?"

"नाही, मी सोडते," म्हटलं. बोल्ट चांगलाच बसलेला होता, पूर्ण वजन टाकावं लागलं. रेघ मोडली तेव्हा डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. नवा शॉकअप बसवला, अण्णांच्या पान्यावर आकडा लावला, कसला. कट्.

मिस्त्रींनी फळीवरच्या डब्यातून पिवळा मार्कर काढून माझ्यापुढे धरला. "अण्णांची आठवण म्हणून पिवळीच मारा की. कोण बघतंय?"

"नको," मी म्हटलं. "हा बोल्ट मी कसलाय."

मग पांढरा मार्कर बोल्टावर टेकवला, रेघ बाहेर ओढली, आणि पाना शून्यावर आणून लुगड्यात गुंडाळला.